गाणाऱ्याकडं पाठ

"आधी ते भांडं उचल तिथनं!"

"विरजण लावलंय. हलवलं की मोडतं," मालन आतनं म्हणाली.

माझ्या नव्या अँप्लिफायरला अगदी खेटून स्टीलचं पातेलं ठेवलेलं होतं, वर ताटली. डिसेंबर महिना. कोल्हापुरात त्या वर्षी थंडी मरणाची पडली होती आणि घरात दही म्हणून लागत नव्हतं. अँप्लिफायर व्हॉल्व्हचा होता, म्हणजे जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे दिवे त्यावर उभे. ते चार व्हॉल्व्ह पेटले की आजूबाजूला चांगली ऊब व्हायची, हे आमच्या सौभाग्यवतींच्या दोन दिवसांतच ध्यानात आलं होतं.

"अगं, चारशे व्होल्ट खेळतायत त्यात! दूध सांडलं तर घर पेटेल."

"मग तुम्ही तिथं नाचू नका, म्हणजे सांडायचं नाही. उद्या पन्नास माणसं जेवायला आहेत. कढी कशाची करू? तुमच्या गाण्याची?"

उद्या म्हणजे रविवारी आमच्या स्वरूपाचा साखरपुडा होता. एकुलती एक पोरगी, मुलगा चांगला, सांगलीचा, माणसं साधी. घरात आनंदीआनंद असायला हवा होता. आणि मी शनिवारी सकाळी खुर्चीत बसून त्या पातेल्याकडं बघत होतो. दह्याचं काय घेऊन बसलाय, माझा डावा कान गेला होता.

आता ज्याला माझा धंदा माहीत नाही तो म्हणेल, एक गेला तर दुसरा आहे की! म्हणून सांगतो. मी रंगराव सुतार, पेटीवाला. वाजवणारा नव्हे, लावणारा. पेटीत पितळेच्या पट्ट्या असतात, त्यांना आम्ही सूर म्हणतो. वरची पांढरी पट्टी दाबली की आत दोन सूर एकदम बोलतात. दोन्ही तंतोतंत जुळले तर कानाला एकच ऐकू येतो. केसभर जरी फरक राहिला तरी आवाज हलतो, पाण्यावर लाट यावी तसा. ती लाट ऐकायची आणि कानशीनं पट्टी घासून ती घालवायची, एवढंच माझं काम. बाकी लाकूडकाम कुणीही करतं. आणि लाट ऐकायला मी डावा कान लावायचो. बत्तीस वर्षं पेटीवर डावीकडनं वाकून वाकून मान कायमची वाकडी झाली होती.

शिवाय मला छप्पन्नावं चालू होतं. आमच्या तात्यांचा कान छप्पन्नाव्या वर्षीच गेला.

तात्या म्हणजे माझे वडील, माझे गुरू, दुकानाचे मालक. जिल्ह्यात त्यांच्या हाताची पेटी म्हणजे नाव होतं. कान गेल्याचं त्यांना कळलं नाही आणि त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही. ते दिवसभर बसून पेट्या लावायचे. संध्याकाळी ते घरी गेले की मी त्याच पेट्या परत उघडायचो आणि चोरून दुरुस्त करायचो. दोन वर्षं. गिऱ्हाइकं वाहवा करायची आणि तात्या खूश होऊन मला म्हणायचे, "बघ, अजून हात चालतोय." मी मान डोलवायचो. त्यांना मी फसवलं याचं वाईट मला आजही वाटतं. पण त्याहून वाईट भीती ही, की माझ्या वाट्याला तेच आलं तर? आणि माझ्यामागं चोरून दुरुस्त करणारंही कुणी नव्हतं.

सुरुवात झाली आधीच्या रविवारी. भैरोबाच्या भजनी मंडळाचे हिंदुराव बुवा टेम्पोतनं पेटी घेऊन घरीच आले. दिवाळी झाल्यावर मीच ती लावून दिली होती. सहा फूट उंच माणूस, पण पेटी खाली ठेवताना अगदी चोरासारखा चेहरा.

"मिस्त्री, रागावू नका. मधला पंचम रडतोय."

"रडतोय म्हणजे?"

"हलतोय. पोरं म्हणली वाजवणाऱ्याचा दोष. मी म्हणलं, पेटी दाखवून तर येऊ. पंधरा दिवसांत कसा काय बिघडला?"

"बघतो. पुढच्या सोमवारी घेऊन जा," मी म्हणालो.

बत्तीस वर्षांत माझी लावलेली पेटी पंधरा दिवसांत परत आली नव्हती. बुवा गेले आणि मी पेटी तशीच, कापडात बांधलेली, पलंगाखाली सारली. उघडली नाही. उघडून पंचम वाजवला आणि मला लाट ऐकूच आली नाही तर? बुवांसारख्या शेतकरी माणसाला ऐकू येते आणि मला येत नाही, असं झालं तर पुढं काय, या विचारानं माझा हातच जाईना.

सोमवारी भूपाल आला. भूपाल मगदूम, इचलकरंजीचा, माझा शाळेपासूनचा मित्र. रेडिओ दुरुस्तीत आयुष्य गेलं त्याचं. बंद पडलेल्या टॉकीजचं भंगार निघालं की हा पहिला हजर. तिथल्याच सामानातनं त्यानं माझ्यासाठी हा अँप्लिफायर जोडला होता. मी त्याच्या आजोबांची पेटी जिवंत करून दिली, त्यानं मला हा करून दिला, असा आमचा व्यवहार. माझा जुना सेट ट्रान्झिस्टरचा होता. मोठा आवाज करायचा, पण गाणं कोरडं, भाकरीबरोबर नुसतं पाणी दिल्यासारखं.

भूपालनं तारा जोडल्या. "पाच मिनिटं तापू दे," म्हणाला. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. मी माझी आवडती रेकॉर्ड लावली. एका बाईंचा यमन, जुनी, मोनो. मोनो म्हणजे दोन्ही स्पीकरांतनं अगदी सारखंच येतं. त्यामुळं दोघांच्या बरोबर मध्ये बसलं की वाटतं, बाई समोर मधोमध बसून गातायत.

आणि बाई बसल्या! खरंच सांगतो, त्या भिंतीसमोर येऊन बसल्या. त्यांनी श्वास घेतला तो मला ऐकू आला. तंबोऱ्याची तार सुटली ती ऐकू आली. वीस वर्षं ती रेकॉर्ड ऐकतोय, बाई मधेच हळूच खाकरतात हे मला त्या दिवशी कळलं.

"काय रं, रडतोस काय?" भूपाल म्हणाला.

"गप बस," मी म्हणालो.

त्याला स्टँडवर सोडून, बाजारातनं पत्रावळ्या, सुपारी, काय काय यादी होती ते सगळं घेऊन मी संध्याकाळी परत आलो. तोवर मालननं घराची धर्मशाळा करून टाकली होती. पाहुण्यांसाठी तिच्या बहिणीकडनं, शेजारनं गाद्या गोळा करून आणलेल्या. चौदा गाद्या. बाहेरच्या खोलीत माझ्या डाव्या हाताच्या भिंतीला, स्पीकरशेजारी, छताला टेकेल अशी चळत आणि वर फुलाफुलाची चादर.

"इथं?" मी ओरडलो.

"मग कुठं, माझ्या डोक्यावर?"

भांडायला त्राण नव्हतं. हातपाय धुतले आणि सेट लावला. पाच मिनिटं तापू दिला. आणि बाई मधोमध नव्हत्या. उजवीकडं सरकल्या होत्या, खिडकीकडं. डाव्या बाजूनं आवाज यायचा, पण मेल्यासारखा, अंगात जीव नसल्यासारखा.

मी भूपालला फोन केला.

"डावीकडचे व्हॉल्व्ह उजवीकडं लाव, उजवीकडचे डावीकडं," तो म्हणाला. "आवाजानं जागा बदलली तर व्हॉल्व्हची खोट. सेट बंद करून, गार झाल्यावर, हां. मरशील नाहीतर."

"आणि नाही बदलली तर?"

"तर तारा बदल. मग स्पीकर बदल. तरी नाही बदलली तर तुझ्या कानात खोट!" असं म्हणून तो खदाखदा हसला. चेष्टेनं म्हणाला बिचारा. मी फोन ठेवला आणि सेट बंद केला.

मंगळवारी व्हॉल्व्ह बदलले. बाई खिडकीतच. बुधवारी तारा बदलल्या. बाई खिडकीतच. गुरुवारी दोन्ही स्पीकर उचलून इकडचा तिकडं केला. एकेक स्पीकर बोटभर पुढं, बोटभर मागं. फरशीवर खडूच्या खुणा केल्या. स्पीकरखाली पेटीला लावतो ती बनात, म्हणजे जाड लोकरीचं कापड, घातली, मग विटा घातल्या. मालन म्हणाली, "साखरपुडा आहे का घराचा पाया काढताय?" काही म्हणजे काही फरक पडला नाही. बाई आपल्या खिडकीत बसून गातायत.

स्पीकर तेच, सेट तोच, रेकॉर्ड तीच. सगळ्यांची अदलाबदल करून बघितली. अदलाबदल करायची राहिली होती ती फक्त माझ्या कानांची.

हातातलं घड्याळ दोन्ही कानांना लावून बघितलं. टिकटिक दोन्हीकडं येत होती. पण तात्यांनाही टिकटिक शेवटपर्यंत ऐकू यायची. टिकटिक ऐकणं वेगळं आणि लाट ऐकणं वेगळं. डॉक्टरकडं जायचं तर साखरपुड्यानंतर, असं ठरवलं. आणि दुकानाचं कुलूप, तेही साखरपुड्यानंतर. घरात कुणाला काही बोललो नाही. पोरीच्या शुभकार्यात रडगाणं कशाला? आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती. कानावर मिजास करत आलेला माणूस मी. माझ्यासमोर कुणी बेसूर शिट्टी जरी मारली तरी मी रस्त्यात थांबून त्याला सुनवायचो.

शुक्रवारी स्वरूपा चहा घेऊन आली. डावीकडनं आली. ती आली हे मला ऐकू आलं का दिसलं, याचाच मी विचार करत बसलो.

"बाबा, एक विचारू?"

"हं."

"तुम्हाला विनायक पसंत नाहीत का?"

"कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणायला पाहिजे? आठवडाभर तुम्ही कुणाशी बोलत नाही. हाक मारली तर ओ देत नाही. नुसतं ते यंत्र घेऊन बसलाय. मनात नसेल तर आत्ता सांगा."

"तसं काही नाही. जा, आईला मदत कर."

एवढंच बोललो मी. ती कप तिथंच ठेवून गेली. तिचे डोळे भरले होते ते मला दिसलं होतं, आणि तरी मी उठलो नाही. कसला बाप!

तर शनिवार. सकाळी दह्यावरनं भांडण झालं ते सांगितलंच. दुपारी जेवणं झाली, स्वरूपा मैत्रिणीकडं मेंदीला गेली आणि मालन सुपात लसूण घेऊन बाहेरच्या खोलीत सोलायला बसली. मी सेट लावला होता. लावला होता म्हणजे काय, जखमेवरची खपली काढत बसतो तसा रोज लावत होतो. ती माझ्यासमोर भुईवर बसली, तोंड माझ्याकडं आणि पाठ स्पीकरांकडं.

"तिथं बसू नको."

"का?"

"गाणाऱ्याकडं पाठ करून बसू नये."

हा तात्यांचा कायदा. मी नऊ वर्षांचा असताना दुकानात एक गवई पेटी बघायला आले होते. त्यांनी सहज दोन आलाप घेतले आणि मी त्यांच्याकडं पाठ करून लाकूड घासत राहिलो. ते गेल्यावर तात्यांनी अशी थोबाडीत दिली की अजून आठवते. घरात रेडिओ असला तरी हाच कायदा. गाणं चालू असताना रेडिओकडं पाठ करायची नाही. गाणारा दिसत नाही म्हणून काय झालं, तो गातोय ना? त्या थोबाडीनंतर मी कधी गाणाऱ्याकडं पाठ केली नव्हती.

"माझ्याजवळ एवढं सोंग करायला वेळ नाही," मालन म्हणाली. "मला इकडं उजेड आहे. आणि तुमच्या बाईंकडं कुठं पाठ आहे माझी? त्या तर खिडकीत बसून गातायत."

माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"काय म्हणालीस?"

"काय म्हणाले?"

"बाई कुठं बसून गातायत?"

"खिडकीत. ह्या इथं," आणि तिनं लसणाचा हात आपल्या डावीकडं केला. खिडकीकडं. "आठवडाभर तिथंच तर बसल्यात. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम बसवल्यात. एवढ्या विटा लावल्या, खडू ओढला."

मी खुर्चीतनं उठलो. खुर्ची तिथल्या तिथं गोल फिरवली आणि स्पीकरांकडं पाठ करून बसलो.

"अहो! गाणाऱ्याकडं पाठ करू नये म्हणून आत्ता..."

"थांब! बोलू नको!"

डोळे मिटले. बाई माझ्या डाव्या कानात गात होत्या. त्याच कानात, जो आठवडाभर मेला असं मी धरून चाललो होतो. कान गेला असता तर मी वळल्यावर बाईही माझ्याबरोबर वळल्या असत्या, परत उजव्या कानाशी आल्या असत्या. पण बाई खिडकीशीच राहिल्या. मी फिरलो, त्या फिरल्या नाहीत. म्हणजे खोट माझ्यात नव्हती, खोलीत होती.

आणि मग डोळे उघडून मागं वळलो तर समोर ती चळत. फुलाफुलाची चादर. चौदा गाद्या, डाव्या स्पीकरला खेटून, कडा त्याच्या तोंडापुढं वीतभर आलेली. सोमवारी सकाळी नव्हत्या आणि सोमवारी संध्याकाळी होत्या! स्पीकरची अदलाबदल केली, तारांची केली, आणि त्या गाद्यांना मी हातसुद्धा लावला नव्हता. पेटीला चार बोटं बनात कमीजास्त झाली तर आवाज कसा बसतो हे मी लोकांना शिकवतो, आणि माझ्या शेजारी अर्धी गाडी कापूस आवाज खात बसला होता तो मला दिसला नाही. भीतीनं माणूस किती गाढव होतो बघा.

"मालन," मी म्हणालो. "मला वाटलं, माझा कान गेला."

तिच्या हातातला लसूण सुपात पडला.

"काय?"

"डावा. तात्यांसारखा. आठवडाभर."

ती उठून आली. मला वाटलं जवळ घेईल, धीर देईल. तिनं माझ्या दंडावर असा काही धपाटा घातला की मी खुर्चीत कलंडलो.

"आठवडाभर! आणि मला सांगायचं नाही? मी इथं काय गोठ्यातली म्हैस आहे? एका शब्दानं विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, बाई खिडकीत आहेत म्हणून! तिकडं पोरगी रात्रंदिवस रडतीय, बाबांना स्थळ आवडलं नाही म्हणून. मी देवाला नारळ बोलले, ह्यांचं तोंड उघडू दे म्हणून. आणि तुम्ही..." पदर तोंडाला लावून ती तिथंच भुईवर बसली आणि रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली. मीही तसाच. लसणाच्या हातानं तिनं डोळे पुसले, त्यामुळं आणखी पाणी. दोघं छप्पन्न-पन्नाशीची माणसं, येड्यासारखी.

मग आम्ही दोघांनी गाद्या ओढून आतल्या खोलीत नेल्या. दोन-दोन करून. दर खेपेला बाई खिडकीतनं थोड्या थोड्या सरकत होत्या. चौदावी गादी गेली आणि त्या येऊन बरोबर मधोमध बसल्या. हळूच खाकरल्या.

मी दोन्ही हातांनी कान पकडले आणि बाईंपुढं वाकलो. पाठ केली होती ना!

"आता ती पेटी काढा," मालन म्हणाली.

"कुठली?"

"पलंगाखाली आठ दिवस लपवलीय ती. मी केर काढते तिथला, आंधळी नाही."

पेटी काढली. कापड सोडलं. आधी पंचम वाजवला. लाट होती! स्पष्ट, मोठी, गावच्या ओढ्यासारखी. ऐकू आली म्हणून मला एवढा आनंद झाला की मी परत परत तीच बेसूर पट्टी दाबत राहिलो. मालननं कानावर हात ठेवले. आता राहिलं एकच, हे बिघडलं कशानं. माझी चूक असली तरी चालेल, आता मी दुरुस्त तरी करू शकत होतो. वरचं फळकूट काढलं, सुरांची पाटी उचलली.

आत सगळं गुलाबी होतं.

मी वाकून फुंकर मारली आणि गुलालाचा लोट माझ्या तोंडावर आला. नाकात, मिशीत, चष्म्यावर. पट्ट्यांवर गुलाल बसलेला, आणि पंचमाच्या पट्टीच्या टोकाला तर ओला होऊन घट्ट चिकटलेला. टोकाला वजन आलं की सूर उतरतो, हे मी बारा वर्षांचा असताना शिकलो होतो.

मी तसाच बुवांना फोन लावला.

"बुवा, पेटी देवळात नेली होती?"

"यात्रेला! पालखीपुढं गाडीवर ठिवली होती, वाजवत वाजवत."

"गुलाल?"

"मग? गुलालाबिगार यात्रा हुती व्हय?" बुवा म्हणाले. "आणि नवा सूर भरल्यावर पहिल्यांदा भाईर काढली, म्हणून तिच्यावर नारळ बी फोडला. पाणी शिंपडलं. का, काय चुकलं?"

पेटीचा भाता हवेबरोबर गुलाल आत ओढत होता आणि बुवा वरनं नारळाचं पाणी देत होते! माझं काम नुसतं बरोबर होतं असं नाही, त्यांना ते देवाएवढं वाटलं होतं. त्यांना रागावू तरी काय?

"काही चुकलं नाही, बुवा. सोमवारी या. फक्त पुढच्या वेळी पूजा पेटी बंद करून करा," म्हणालो.

मऊ ब्रशनं एकेक पट्टी साफ केली. पंचमाच्या टोकावरचा ओला गुलाल नखानं, हळूच. कानस लागलीच नाही. पाटी बसवली आणि पंचम दाबला. मला एकच सूर ऐकू आला. पण मी हात तसाच पट्टीवर ठेवला, कारण तात्या डोळ्यांसमोर आले. तात्यांनाही एकच ऐकू यायचा.

"मालन, इकडं ये. ऐक. एक आहे का दोन?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळतंय. बाई कुठं बसल्यात ते तुला कळलं, मला नाही. हलतंय का सांग."

तिनं डोळे मिटले. मी भाता मारत राहिलो. बत्तीस वर्षांत माझ्या कामावर मी दुसऱ्याचा कान मागितला नव्हता.

"एकच," ती म्हणाली.

तेवढ्यात दारात स्वरूपा. दोन्ही हातांना ओली मेंदी, तशीच उभी. घरभर गाद्यांचा कापूस, फरशीवर खडू, आई रडलेली आणि बाप गुलालानं माखून हसतोय.

"काय झालं?"

"माझ्याकडनं साखरपुडा आजच झाला," मी म्हणालो. "मुलगा मला भयंकर आवडलेला आहे. विनायकराव! काय पोरगा आहे! बस इथं. नाही, तिथं नाही, इथं, बरोबर मध्ये. बाई गातायत."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग आईकडं बघितलं. मालन म्हणाली, "बस गं. नंतर सांगते. येडे झालेत, पण चांगल्या अर्थानं." स्वरूपा मेंदीचे हात वर धरून खुर्चीत बसली आणि पाच मिनिटांनी कुठं तिच्या तोंडावर हसू आलं. दही तोपर्यंत सुरेख लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या मिशीतला गुलाल काही निघाला नव्हता. व्याही मला बघून म्हणाले, "वा, तुम्ही तर आधीच उधळला!"

याला अठरा वर्षं झाली. दुकान आहे, सेट आहे, व्हॉल्व्ह दोनदा बदलले. थंडीत दह्याचं पातेलं त्याच्याशेजारी असतं, आता मी काही म्हणत नाही. आणि त्या दिवसापासनं एक नेम केला. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी प्रत्येक पेटी मालनला ऐकवायची. मी भाता मारतो, ती हातातलं काम सोडून डोळे मिटते आणि म्हणते, "एकच."

मागच्या दिवाळीत एका पेटीला ती जरा जास्त वेळ डोळे मिटून बसली.

"दोन आहेत," म्हणाली.

मला एकच ऐकू येत होता. मी तिच्याकडं बघितलं.

"नक्की?"

"नक्की. दोन. हलतंय."

"बरं झालं सांगितलंस," मी म्हणालो, आणि कानस घेऊन पेटी परत उघडली. ती शेजारी बसून राहिली, एक होईपर्यंत.